बुळबुळ

टाकीच्या तळाशी पडलंय ते आधी मासा वाटतच नाही.
वाळूचाच एक ओला तुकडा, आणि त्याला दोन डोळे,
दोन्ही उजव्या गालावर.
जन्मला तेव्हा एकेका बाजूला एकेक होता, चारचौघांसारखा.
मग डावा निघाला डोक्यावरून पलीकडे,
आणि मासा आडवा झाला तो झालाच.

ट्रायफेना पार्डी बाही कोपरापर्यंत सारते.
पाणी दोन अंशांवर. बाहेर, न्यूफाउंडलंडच्या कड्याखाली,
एप्रिल सरत आला तरी बर्फाचे डोंगर तरंगतायत.
ओल्या फडक्यावर ती मासा घेते,
काचपट्टीची कड कल्ल्यापासून शेपटीकडे, एकदाच,
पातेल्याच्या काठची साय निपटावी तशी,
आणि बुळबुळ नळीत उतरते. चमचाभरही नाही.
मासा परत पाण्यात. राग नाही.
असेलही; त्या चेहऱ्यावरून कळणार काय.

या बुळबुळीत पंचवीस मण्यांची एक माळ असते.
पाण्यात सैल, विस्कटलेली.
जंतूच्या अंगाला लागली की पीळ भरते
आणि त्याच्या पातळ कातडीला भोक पाडते.
भोकातून जंतू बाहेर सांडतो.
चिखलात जन्म काढणाऱ्याच्या दाराची ही कडी,
औषध म्हणून कोणी घडवलेली नाही.

तिच्या बापाच्या, हेडलीच्या, मनगटांवर
कॉडच्या दिवसांत गळवं यायची.
मेणकापडाच्या बाहीची कड घासायची,
खारं पाणी शिरायचं, पू धरायचा.
गावातले सगळे मनगटात पितळी साखळी घालत.
पितळ असलं की गळू येत नाही म्हणे.
यायचंच. तरी घालत.

आता तो सेंट जॉन्सच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
डाव्या पावलाची जखम उशीवर टेकवून.
साखर आहे, वय आहे.
तीन औषधं झाली. चौथ्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी
हातातलं शेवटचं पान टाकावं तसं हळू उच्चारलं.
जखम ऐकत नाही.

“दिवसभर करतेस काय गं तिथे?”
ती सांगते.
तो इतका हसतो की सलाइनची नळी हलते.
“चाळीस वर्षं, ट्राय! चाळीस वर्षं
ती घाण मी पाइप मारून डेकवरून धुतली.
आणि तो चपटा तर शेवंडांच्या पिंजऱ्यात,
आमिष म्हणून.”
मग गप्प. मग, खिडकीकडे बघत,
“आणलीस का थोडी?”

कशी आणणार. बशीत ठीक असतं:
जंतूंच्या गढूळ थरात थेंबाभोवती स्वच्छ गोल पडतो,
चंद्राला पडतं तसं खळं.
पण रक्तात माळ तुटते, मिठाने पीळ सुटतो,
आणि जास्त झाली तर आपल्याच तांबड्या पेशींना भोकं.
“अजून दहा वर्षं, बाबा. कदाचित.”
“दहा,” तो म्हणतो. “म्हणजे मी एकोणनव्वद.”
आणि जेवणाच्या ट्रेवरची जेली तिच्याकडे सरकवतो.

माझ्या भाषेत या चपट्या कुळातल्या माशाला लेप म्हणतात.
जखमेवर लावतात तोही लेप.
नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही;
बहुधा तो वाळूवर थापल्यासारखा दिसला, एवढंच.
त्यात शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही.
पण शब्द इतकी वर्षं तळाशी पडून होता,
दोन्ही डोळे वर करून.

मे महिन्यात दोन बोटं काढली. पाऊल राहिलं.
साखळी तिने घरून आणून त्याच्या उशाशी ठेवली होती,
ती नर्सने पिशवीत घालून, वर नाव लिहून परत दिली.

आज सतरा नंबरचा मासा.
हातमोजा टोकाला फाटलाय, आणि अंगठ्यावर
काल बटाटे सोलताना लागलेली चीर आहे.
नियम असा: लगेच साबणाने धुवायचं.
ट्रायफेना नळापाशी जाते.
नळ सोडायला जरा वेळ लावते.